उबंटू-डेबियनचं अपडेट सारखं अडतंय? देशवार मिररचे पत्ते असे तपासा, असे लावा

लातूर, नांदेड, परभणी या पट्ट्यातल्या कॉलेजच्या लॅब, दोन-चार वाचनालयं आणि मोंढ्यातल्या काही आडत दुकानांचे पीसी माझ्याकडं देखभालीला आहेत. बहुतेक ठिकाणी उबंटू, काही ठिकाणी डेबियन, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. नवं सॉफ्टवेअर 'ॲप्ट' हे साधन 'मिरर'वरून उतरवतं; मिरर म्हणजे प्रकल्पाच्या भांडाराची प्रत ठेवणारा सर्व्हर. तक्रार ठरलेली असते: "सर, अपडेट होईना गेलंय, नुसती लाल अक्षरं यायलीत. काल तर चालूच होतं की!" दर वेळी मूळ कारण वेगळं निघतं, पण ते शोधायचा क्रम आता पक्का झालाय. तो क्रम इथं देतोय. कमांडा आणि पत्ते देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना ते रोमनमध्येच करायचे.

लक्षणं

'सुडो ॲप्ट अपडेट' किंवा 'इन्स्टॉल' केल्यावर यातलं काहीतरी दिसतं:

• 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' आणि पुढं 'इन.आर्काइव्ह.उबंटू.कॉम' असं नाव.
• 'कनेक्टिंग टू...' वर काटा शून्य टक्क्याला अडकून बसतो. चहा पिऊन आलात तरी तिथंच.
• अपडेट नीट होतं, पण पॅकेज टाकताना '४०४ नॉट फाउंड'.
• 'डज नॉट हॅव अ रिलीज फाइल'.
• 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट', नाहीतर 'इज एक्स्पायर्ड'.
• 'हॅश सम मिसमॅच', किंवा 'फाइल हॅज अनएक्स्पेक्टेड साइझ... मिरर सिंक इन प्रोग्रेस?'
• 'क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट'.

ही सगळी लाल अक्षरं लांबून सारखीच दिसतात, म्हणून लोक सगळ्यांवर एकच औषध करतात: मिरर बदलून टाकतात. निम्म्या वेळा मिररचा काही संबंधच नसतो. आणि ज्या वेळी असतो, त्या वेळी बदललेला पत्ता वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा गळ्यात येतो.

पत्त्यामागं कोण बसलंय

उबंटूच्या यादीत 'इन.आर्काइव्ह.उबंटू.कॉम' असा पत्ता दिसतो, कारण सिस्टीम टाकताना आपण भारत निवडतो आणि इन्स्टॉलर मध्यवर्ती पत्त्याच्या पुढं देशाची दोन अक्षरं चिकटवतो. डेबियनची जुनी पद्धत 'एफटीपी.डीई.डेबियन.ऑर्ग', 'एफटीपी.जेपी.डेबियन.ऑर्ग' अशी. नावात एफटीपी असलं तरी डेबियननं सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ ला बंद केली. नावं तेवढी राहिली, काम एचटीटीपीवर चालतं. अक्षरांवर तरी सगळ्यांचं एकमत असावं, तर तेही नाही. ब्रिटनसाठी डेबियन 'यूके' लिहितं आणि उबंटू 'जीबी'. त्यामुळं एका प्रकल्पाचा पत्ता पाहून दुसऱ्याचा अंदाजानं बनवू नका.

हा देशाचा पत्ता म्हणजे 'तहसीलदार, औसा' असं लिहून टाकलेलं पत्र. खुर्चीत कोण बसलंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. बदली झाली तरी पत्र पोचतं. प्रकल्पाची माणसं ते नाव आज एका विद्यापीठाच्या सर्व्हरकडं वळवतात, तो बंद पडला की दुसऱ्याकडं. उबंटूत एखाद्या देशात मिररच नसेल तर देशाचं नाव सरळ मुख्य सर्व्हरकडं जातं. याउलट यादीत एखाद्या संस्थेच्या मिररचं स्वतःचं नाव लिहिलं, तर ते व्यक्तीच्या नावानं टाकलेलं पत्र झालं. ती संस्था उद्या सर्व्हर बंद करील, जागा संपली म्हणून निम्मं भांडार काढून टाकील, आणि तुमच्या यादीला कुणी कळवणार नाही.

माझ्याकडं पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं मूळ बहुधा इथंच असतं. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' या खिडकीत 'सिलेक्ट बेस्ट सर्व्हर' असं बटण आहे. ते दाबलं की कुठल्या मिररकडून उत्तर चटकन येतं ते पाहिलं जातं आणि त्या मिररचं स्वतःचं नाव यादीत लिहिलं जातं. मिरर ताजा आहे की शिळा, हे त्यात फारसं तपासलं जात नाही. लॅबमध्ये वेगवेगळ्या पोरांनी वेगवेगळ्या दिवशी ते दाबलेलं असतं, म्हणून एकाच खोलीतल्या मशीन वेगवेगळ्या दारांवर उभ्या असतात. एक बंद पडलं की चार मशीन अडतात, बाकीच्या चालतात, आणि कुणाला काही उमगत नाही.

आधी ओळ वाचा, मग हात लावा

पहिली तपासणी फुकट आहे. लाल ओळीत कुठला पत्ता आहे ते वाचा. 'इन.आर्काइव्ह' च्या ओळी अडतायत आणि 'सिक्युरिटी.उबंटू.कॉम' च्या ओळींपुढं 'हिट' किंवा 'गेट' येतंय, तर तुमचं नेट शाबूत आहे. दोष देशाच्या मिररकडं. सगळ्याच ओळी पडल्या तर दोष तुमच्या बाजूला, मिररला हात लावू नका. फक्त एखाद्या बाहेरच्या पीपीएची (कुणीतरी वेगळं चालवलेल्या छोट्या भांडाराची) ओळ लाल असेल तर ती ओळ बंद करा आणि कामाला लागा, कारण त्या एका ओळीचा मिररशी काही संबंध नाही.

लगेच दुसरं: शेजारच्या मशीनवर तीच कमांड चालवा. मग अडलेली मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि पुन्हा चालवा. हॉटस्पॉटमुळं नेट देणारी कंपनी, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आयपी शोधून देणारी सेवा), कॉलेजचं फायरवॉल, लॉगिनचं पान हे सगळं एका झटक्यात बाजूला होतं. हॉटस्पॉटवर अपडेट झालं तर पुढच्या निम्म्या तपासण्यांची गरजच उरत नाही. फक्त अपडेट करून बघा, अपग्रेड करू नका, नाहीतर दिवसाचा डेटा संपतो आणि ज्याचा मोबाइल असतो तो पुढच्या वेळी देत नाही.

घड्याळ

'नॉट व्हॅलिड येट' दिसलं की घड्याळ बघा, दुसरं काही नाही. 'टाइमडेटसीटीएल' लिहा आणि तारीख तपासा. नुसती वेळ नव्हे, तारीख.

आमच्याकडं उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत लॅब महिनाभर बंद असते, मेन स्विच खाली. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. सुरू केल्यावर घड्याळ १९७० किंवा २०१० दाखवील अशी अपेक्षा असते, पण नव्या लिनक्समध्ये तसं होत नाही. वेळ सांभाळणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवते आणि तिथूनच सुरुवात करते. म्हणून तारीख वेडीवाकडी दिसत नाही, नुसती काही दिवस किंवा आठवडे मागं असते. कोपऱ्यातल्या घड्याळाकडं बघून कुणाला शंका येत नाही. इकडं मिररवरच्या यादीवर आजची तारीख, तिकडं मशीन मागच्या महिन्यात. ॲप्ट म्हणतं, ही यादी अजून लागूच झालेली नाही.

नेट असेल तर वेळ आपोआप जुळायला हवी. जुळत नसेल तर कॉलेजच्या फायरवॉलनं यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट अडवलेला असतो. तात्पुरती तारीख हातानं लावा, सेल बदला, आणि पोर्ट उघडायला सांगा. विंडोज-लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर साडेपाच तासांचा घोळ होतो तो वेगळा. त्यात लिनक्सचं घड्याळ पुढं पळतं, त्यामुळं ही चूक सहसा येत नाही.

'चेक-व्हॅलिड-अनटिल', म्हणजे यादीची मुदत तपासायची सेटिंग, बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. करू नका. डेबियनच्या सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या याद्यांना सात दिवसांची मुदत असते, ती मुद्दाम ठेवलेली आहे. मधल्या कुणी जुनी, भोकं असलेली यादी तुमच्या गळ्यात मारू नये, हा तिचा उद्देश. घड्याळ बरोबर असताना 'एक्स्पायर्ड' येत असेल तर मिरर शिळा आहे, आणि ॲप्ट तुम्हाला तेच सांगतंय.

लॉगिनचं पान, जुना प्रॉक्सी, होस्ट्स फाइल

'नोस्प्लिट' चा अर्थ एवढाच की यादीच्या जागी भलतंच काहीतरी आलं. ते भलतंच म्हणजे बहुतेक वेळा वाय-फायचं लॉगिन पान. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, पुन्हा अपडेट करा.

मग '/ईटीसी/ॲप्ट' या फोल्डरमध्ये 'प्रॉक्सी' (आपल्या वतीनं माल आणून देणारा मधला सर्व्हर) हा शब्द शोधा. 'ग्रेप -आरआय प्रॉक्सी /ईटीसी/ॲप्ट' एवढं पुरतं. कधीकाळी कुणीतरी लॅबमध्ये कॅशे सर्व्हर (एकदा उतरवलेला माल साठवून ठेवणारा) लावलेला असतो, तो माणूस बदलून जातो, ती मशीन भंगारात जाते, आणि '१९२.१६८' ने सुरू होणारी ओळ मागं राहते. ब्राउझरमध्ये सगळं चालतं, ॲप्टच तेवढं त्या मेलेल्या मशीनचं दार ठोठावत बसतं.

'/ईटीसी/होस्ट्स' ही फाइलही एकदा उघडून बघा. मागं कधीतरी डीएनएस गडबडलं म्हणून मिररचा आयपी तिथं हातानं लिहिलेला असू शकतो. मग देशाचं नाव प्रकल्पानं कितीही वेळा दुसरीकडं वळवलं तरी तुमची मशीन जुन्याच दारावर. ओळ पुसा, 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' मारा.

यादी शिळी की मिरर शिळा

पॅकेज टाकताना '४०४' आलं आणि आधी अपडेट केलेलं नसेल, तर मिररला दोष देऊ नका. नवी आवृत्ती आली की जुनी पॅकेज फाइल भांडारातून निघून जाते. तुमची यादी मागच्या आठवड्याची असेल तर ती नसलेल्या फाइलचं नाव सांगते. अपडेट करा, मग टाका.

अपडेटच्या मध्यात लाईट गेली आणि त्यानंतर विचित्र चुका यायला लागल्या, तर अर्धवट उतरलेल्या याद्या काढून टाका: '/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स' मधलं सगळं. याद्या पुन्हा उतरतात, काही बिघडत नाही. मात्र त्यासाठी 'आरएम -आरएफ' ही पुसायची कमांड देताना 'लिस्ट्स/' आणि त्यानंतरचा तारा (*) यांच्यामध्ये स्पेस पडू देऊ नका. 'आरएम -आरएफ' ला स्पेस माफ नसते.

'डज नॉट हॅव अ रिलीज फाइल' आलं तर तुमची आवृत्ती अजून जिवंत आहे का ते बघा. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो, एलटीएसला (दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना) पाच वर्षं. मुदत संपलेल्या आवृत्त्या पुढं 'ओल्ड-रिलीजेस.उबंटू.कॉम' वर हलवल्या जातात, डेबियनच्या 'आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग' वर, डेबियन ९ 'स्ट्रेच' आता तिथंच सापडतं. तिथं गेलेलं कुठल्याही देशाच्या मिररवर शोधून मिळणार नाही. आणि तिथं नवीन सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत, तेव्हा तो पत्ता फक्त नव्या आवृत्तीवर जाईपर्यंत वापरायचा.

डेबियनमध्ये आणखी एक सापळा आहे. १० 'बस्टर' पर्यंत सुरक्षेच्या ओळीत 'बस्टर/अपडेट्स' असं नाव असायचं. ११ पासून ते 'बुल्सआय-सिक्युरिटी' झालं. जुन्या यादीत नुसतं आवृत्तीचं नाव बदललं की ही ओळ हमखास मोडते, आणि माणूस मिररच्या मागं लागतो. ३२ बिटच्या जुन्या मशीन असतील तर डेबियन १३ त्यांच्यावर नव्यानं टाकता येत नाही. शिवाय प्रत्येक मिरर सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांच्या फाइली ठेवतोच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

आता मिरर तपासा

इथवर काही सापडलं नाही आणि लाल ओळी फक्त देशाच्या पत्त्याच्याच असतील, तर मिररकडं वळायचं. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये देशाचा पत्ता, त्यापुढं 'उबंटू/डिस्ट्स/नोबल-अपडेट्स/' उघडा आणि 'इनरिलीज' या फाइलची तारीख बघा. ('नोबल' हे उबंटू २४.०४ चं टोपणनाव.) 'नोबल' नव्हे, 'नोबल-अपडेट्स'. २४.०४ ची मूळ यादी एप्रिल २०२४ मध्ये गोठलेली आहे, तिच्यावर जुनी तारीख असणारच. ती बघून 'मिरर दोन वर्षं शिळा' असा निष्कर्ष काढणारे मला भेटलेत. डेबियनच्या मिररवर 'प्रोजेक्ट/ट्रेस' नावाचं फोल्डर असतं. त्यात मिरर शेवटचा कधी जुळला त्याची वेळ लिहिलेली असते, आणि ती यूटीसीमध्ये असते. साडेपाच तास मिळवा. डेबियनचं भांडार दिवसातून चार वेळा ताजं होतं, तेव्हा मिरर काही तास मागं असणं चालतं, चार दिवस मागं असणं चालत नाही. उबंटूच्या मिररांची देशवार यादी लॉंचपॅड या उबंटूच्या संकेतस्थळावर आहे, तिथं प्रत्येकापुढं तो ताजा आहे की किती मागं आहे ते लिहिलेलं असतं.

'हॅश सम मिसमॅच' चं कारणही इथंच कळतं. हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली तपासणीची बेरीज. नीट चालवलेला मिरर दोन टप्प्यांत जुळवला जातो. आधी पॅकेजेस उतरवायची, ती सगळी आली की मग याद्या बदलायच्या आणि जुनी पॅकेजेस काढायची. हे न पाळता एका झटक्यात सगळं ओढलं तर मधल्या काळात यादी नवी आणि माल जुना, असा प्रसंग येतो. त्याच वेळी तुम्ही अपडेट मारलंत तर बेरीज जुळत नाही. तासाभरानं पुन्हा करा, बहुतेकदा सुटतं. उबंटू १६.०४ पासून ॲप्ट यादीची फाइल तिच्या हॅशच्या नावानंच मागू शकतं, त्यामुळं हा प्रकार पुष्कळ कमी झाला. म्हणूनच आजच्या घडीला हीच चूक रोज, तासन्‌तास येत असेल तर माझा संशय मिररपेक्षा मधल्या एखाद्या कॅशेवर जातो.

'कनेक्टिंग' वर अडकत असेल तर एकदा फक्त आयपीव्ही४ वरून बघा: 'सुडो ॲप्ट -ओ ॲक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू अपडेट'. याने चाललं तर मिरर ठीक आहे, तुमच्या नेटचं आयपीव्ही६ अर्धवट आहे.

जवळचा मिरर म्हणजे चांगला मिरर, या समजुतीबद्दल दोन शब्द. नांदेड-देगलूरहून नकाशावर हैदराबाद जवळ, मुंबई लांब. पण तुमचं नेट देणाऱ्याची वायर आधी मुंबईला जात असेल, तर हैदराबादचा मिरर तुम्हाला मुंबईवरून वळसा घालूनच मिळणार. 'ट्रेसराउट' मारून बघा, मग ठरवा. सुरक्षेच्या दृष्टीनं मात्र देशानं फरक पडत नाही. यादीवर प्रकल्पाची सही असते आणि ॲप्ट ती तपासतं. मिरर जर्मनीचा असो की जपानचा, त्यानं एक अक्षर बदललं तरी सही जुळणार नाही.

पत्ता बदलायचा तर असा

आधी मूळ फाइलची प्रत ठेवा, आणि ती 'सोर्सेस.लिस्ट.डी' या फोल्डरच्या बाहेर, घरच्या फोल्डरात ठेवा. आत ठेवलीत तर भलत्या शेपटाच्या फाइलबद्दल ॲप्ट दर वेळी कुरकुर करत राहतं, आणि पुढचा माणूस त्यालाच बिघाड समजतो.

उबंटू २४.०४ मध्ये खरी यादी '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबंटू.सोर्सेस' मध्ये आहे. जुनी 'सोर्सेस.लिस्ट' उघडून ती जवळपास रिकामी दिसली म्हणून तिच्यात नव्या ओळी ओतू नका, दोन्हीकडून तेच येतं आणि इशाऱ्यांचा पाऊस पडतो. 'यूआरआयज' ही ओळ शोधा आणि देशाचा 'इन.' काढून टाका. उरतो तो मुख्य पत्ता. खिडकीतूनच करायचं असेल तर 'डाउनलोड फ्रॉम' मध्ये 'मेन सर्व्हर' निवडा. डेबियनमध्ये सरळ 'डेब.डेबियन.ऑर्ग' लिहा. हा पत्ता सीडीएनवर (जगभर ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) चालतो, म्हणजे देश निवडायची भानगडच नाही. जवळच्या ठिकाणाहून माल येतो.

सुरक्षेचा पत्ता बदलू नका. 'सिक्युरिटी.उबंटू.कॉम' आणि डेबियनचा 'सिक्युरिटी.डेबियन.ऑर्ग' जसे आहेत तसे राहू द्या. देशाचा मिरर दोन दिवस मागं पडला तर नवं वर्डप्रोसेसर दोन दिवस उशिरा येतं, त्यानं कुणाचं काही अडत नाही. सुरक्षेची दुरुस्ती दोन दिवस उशिरा आली तर अडतं.

एकट्या मशीनला एवढं पुरे. लॅबला पुरत नाही. पंचवीस-तीस मशीन असतील तर पत्ते एका जागी लिहा. ॲप्ट १.६ पासून 'मिरर+फाइल:' अशी सोय आहे: सोर्सेसमध्ये एकच ओळ, ती '/ईटीसी/ॲप्ट/मिररलिस्ट.टीएक्सटी' सारख्या फाइलकडं बोट दाखवते, आणि त्या फाइलीत एका ओळीत एक मिरर. प्रत्येक पत्त्यापुढं टॅब देऊन 'प्रायॉरिटी:१', 'प्रायॉरिटी:२' असा क्रम लिहिता येतो. मी वर देशाचा पत्ता ठेवतो, दुसरा मध्यवर्ती. संस्थांची स्वतःची नावं शक्यतो टाकतच नाही, आणि टाकलंच तर सगळ्यात खाली. पहिल्यानं दगा दिला की ॲप्ट आपणहून पुढच्याकडं जातं. पुढं काही बदलायचं झालं तर ही एकच फाइल सगळ्या मशीनवर पाठवायची. उबंटूसाठी भारतातल्या मिररांची तयार यादी 'मिरर्स.उबंटू.कॉम/आयएन.टीएक्सटी' वर मिळते. ती जशीच्या तशी ओतू नका, वर सांगितल्याप्रमाणं ताजेपणा तपासून निवडा.

लॅबमध्ये 'ॲप्ट-कॅशर-एनजी' लावला तर नेटही वाचतं. एका मशीननं उतरवलेलं बाकीच्यांना आतूनच मिळतं, पोर्ट ३१४२ वर. याची खुबी अशी की त्याच्याकडं उबंटू-डेबियनच्या मिररांची स्वतःची यादी असते. एक मशीन 'इन.' मागते, दुसरी मुख्य पत्ता मागते, तरी तो दोन्ही एकच समजून एकच प्रत ठेवतो. मात्र त्याच्या यादीत नसलेला मिरर कुणी लिहिला तर त्याची वेगळी प्रत साठायला लागते आणि डिस्क भरते. डिस्क भरली की पुन्हा 'हॅश सम मिसमॅच'. तेव्हा कॅशर असलेल्या ठिकाणी तपासणी करताना एका मशीनवरची प्रॉक्सीची ओळ तात्पुरती बंद करून बघा. ती मशीन चालली तर दोष कॅशरचा: आधी '/व्हार/कॅशे/ॲप्ट-कॅशर-एनजी' मध्ये जागा किती उरली ते पाहा, मग त्याच्या देखभालीच्या पानावरून सफाई करा.

आता थांबा, जाणकाराला बोलवा

मध्यवर्ती पत्ता लावला, याद्या साफ केल्या, घड्याळ बरोबर आहे, हॉटस्पॉटवरही तेच, आणि तरीही 'बॅडसिग' म्हणजे सही चुकीची असल्याची चूक येतेय, तर थांबा. 'ट्रस्टेड=येस' किंवा 'अलाऊ-अनऑथेंटिकेटेड' लिहून पुढं रेटू नका. सही जुळत नाही म्हणजे माल बदललेला किंवा किल्ल्या बिघडलेल्या. दोन्हीपैकी काय हे कळल्याशिवाय काही टाकायचं नाही.

एकाच मशीनवर हॅश जुळत नाही आणि त्याच नेटवर शेजारच्या सगळ्या ठीक आहेत, तर रॅम किंवा डिस्क खराब असण्याची शक्यता मोठी. रात्रभर मेमटेस्ट लावणं तुम्हाला जमेल. पण 'डीमेसेज' (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये डिस्कच्या इनपुट-आउटपुट चुका दिसल्या तर मशीन बंद करा. आधी डेटा काढून घेणारा माणूस, अपडेट नंतर. मोंढ्यातल्या दुकानात हिशोब त्याच डिस्कवर असतो.

अपग्रेडच्या मध्यात लाईट गेली आणि 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' आलं, तर साध्या मशीनवर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' करून बघायला हरकत नाही. तोच परीक्षेचा किंवा निकालाचा सर्व्हर असेल तर करू नका, ज्यानं बसवलाय त्याला फोन लावा.

घरच्या नेटवर चालतं, कॉलेजात नाही, तर तो प्रश्न फायरवॉल सांभाळणाऱ्याचा. डेबियनचा मध्यवर्ती पत्ता एचटीटीपीएसवरही चालतो. एचटीटीपीवर हॅश चुकतो आणि एचटीटीपीएसवर जुळतो असं दिसलं, तर मधला कॅशे जुना माल देतोय याला तो चांगला पुरावा आहे. तो दाखवला की नेटवर्कवाले सहसा वाद घालत नाहीत. आणि देशाचा मिररच खरोखर आठवडाभर अडकलेला असेल तर प्रकल्पाला कळवा. डेबियनच्या बग नोंदवहीत त्यासाठी 'मिरर्स' असा वेगळा कप्पाच आहे.

कुणालाही बोलावताना फोनवर "अपडेट होईना" एवढंच सांगू नका. लाल ओळींचा पूर्ण मजकूर, 'टाइमडेटसीटीएल' चं उत्तर, देशाचं नाव कुठल्या आयपीला गेलं ते ('गेटएंट होस्ट्स' आणि पुढं पत्ता), हॉटस्पॉटवर काय झालं, आणि शेजारच्या मशीनवर काय झालं, एवढं एका टेक्स्ट फाइलीत पाठवा. फोटो काढून पाठवायचाच असेल तर ओळीचा उजवीकडचा भाग कापला जाऊ देऊ नका, पत्ता तिथंच असतो.